हळदीच्या नावावर कॅप्सूल खपवू नका

सांगलीत सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: हळदीतलं करक्यूमिन आणि ग्रीन टीचा अर्क ही नैसर्गिक अँटिऑक्सिडंट्स (पेशींची झीज रोखणारी मानली जाणारी द्रव्यं) आहेत, म्हणून त्यांचा अपाय काहीच नाही. त्यांच्या कॅप्सूल जितक्या जास्त घ्याल तितकं चांगलं. मिरीच्या अर्कासोबत असर २० पट. शेवटी सवाल: ‘पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद खाल्ली, कुणाला काय झालं?’ हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं आणि सांगलीच्या हळदीला मिळालेलं २०१८ चं जीआय (भौगोलिक) मानांकन यांचा अभिमान असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे लगेच पटतं. मलाही तो अभिमान आहे, म्हणूनच हे लिहितोय.

‘नैसर्गिक, म्हणजे निरुपद्रवी.’ करक्यूमिन हे वनस्पतीतलं फिनॉलिक संयुग, म्हणजे फिनॉल गटातलं रसायन. बिब्ब्याच्या तेलातली संयुगंही फिनॉलिकच, आणि बिब्बा उतला की अंगाचं काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सरकीतलं गॉसिपॉलही याच वर्गातलं. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींना कायमचं वंध्यत्व आलं, आणि तो नाद सोडावा लागला.

‘पूर्वज खातच होते.’ खात होते, पण किती? हळदीत करक्यूमिन साधारण ३ टक्के. आमटी-भाजीतून दिवसाला दीड ग्रॅम हळद पोटात गेली, तर करक्यूमिन ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. एका कॅप्सूलमध्ये बरेचदा ५०० मिलिग्रॅम असतं. खाद्यरंग म्हणून करक्यूमिनची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा रोज किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. आजीच्या फोडणीचा दाखला या कॅप्सूलला लागू पडत नाही.

‘मिरीमुळे असर २० पट.’ हा आकडा १९९८ च्या एका अभ्यासातला आहे, आणि तो शोषणाचा आहे, गुणाचा नाही. करक्यूमिन शरीरात टिकत नाही, कारण आतडं आणि यकृत त्याचा लगेच निचरा करतात. मिरीतलं पिपरिन तो निचरा मंदावतं. पण त्याच वाटेने इतर औषधंही बाहेर पडतात, त्यामुळे त्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूलला हात लावू नये.

यकृताला इजा होण्याचे प्रकार दुर्मीळ आहेत, हेही सांगायला हवं. पण ते घडतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी (कॅप्सूल-गोळ्यांशी) जोडलेले १० रुग्ण मांडले: ५ जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहांपैकी ७ जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली. आपल्यात ती आहे का, हे बाटली विकत घेताना कुणाला ठाऊक असतं?

‘जितकं जास्त, तितकं चांगलं.’ परीक्षानळीत ही संयुगं अँटिऑक्सिडंट दिसतात. प्रमाण वाढलं आणि लोह किंवा तांबं सोबतीला आलं, की तीच पेशींना घातक असं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतात. परीक्षानळीतल्या मोजमापांचा शरीराशी संबंध लागत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपला खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट-क्षमतेचा तक्ताच मागे घेतला. ग्रीन टीचंही तसंच. कपातला चहा साधारणपणे सुरक्षित. पण त्यातलं ईजीसीजी हे मुख्य अँटिऑक्सिडंट पूरकांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइमं वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं.

कॅप्सूल चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर ती त्याच दिवशी बंद करा. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. ‘औषध काही नाही, नुसती हळद घेतो’ एवढंच सांगून थांबू नका.