काकूंचा बंब आणि काकांचा फार्गो

ग्वाल्हेरची थंडी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत पारा चार-पाचवर उतरतो, धुक्यात किल्ला अख्खाच्या अख्खा गायब होतो, आणि कंपू भागातल्या आमच्या अंगणातून रविवारी सकाळी सातला काकांची हाक येते, "ऊठ रे, फार्गो चालू करायचाय."

चालू करायचाय म्हणजे ढकलायचाय.

फार्गो हा 1950 च्या दशकातला, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेला पेट्रोलचा ट्रक. काकांनी तो भंगारातून सोडवून आणला तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांनी ती संमती धरली.

उन्हाळ्यात हा ट्रक अर्ध्या सेल्फला बोलतो. थंडीत चोक ओढला की खोकतो, काळा धूर ओकतो, सुरू होतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच 'भक्क' करून मान टाकतो. चोक आणखी ओढावा तर प्लग ओले. मग सहाच्या सहा प्लग काढून, पुसून, काकूंच्या पापडाच्या जाळीवर शेकायचे. त्यानंतर महिनाभर आमच्या पापडांना पेट्रोल पंपाचा वास.

मागच्या आठवड्यात तर कहर झाला. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात लोक टॅक्सच्या सवलतीत नवी गाडी घ्यायला जातात. आम्ही जुनी गाडी घेऊन रजया आणायला निघालो आणि पडावच्या पुलावर फार्गोने चढावातच बसकण मारली. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "अंकल, मेले में बेच ही आओ!" काका घरी येईपर्यंत अबोल.

घरी आल्यावर काकूंनी बंबातलं कढत पाणी आणलं, त्यात पोतेरं बुडवलं आणि म्हणाल्या, "अहो, थंडीत माणसाचे गुडघे शेकतात, त्याचं काय ते शेका." काकांनी हसत हसत ते कारबोरेटरखालच्या, इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या इनटेकच्या नळीला गुंडाळलं. ट्रक सुरू झाला. पाय दिला तरी मेला नाही!

काकांचं हसू तिथेच थांबलं. ते चष्मा लावून इंजिनात शिरले, ते जेवायलाच बाहेर आले.

भानगड अशी की पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ लागते. कारबोरेटरमधून ते बारीक तुषार होऊन निघतं, पण नळी गार असली की वाफ व्हायच्या ऐवजी भिंतींना चिकटतं, वरणाच्या झाकणाखाली पाणी जमतं तसं. सिलिंडरपर्यंत नुसती हवाच पोचते. चोक ही हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, पण वाफ काही करून देत नाही. म्हणून या इंजिनात इनटेकची नळी धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीवरच बसवलेली असते आणि खालच्या नळीत एक झडप असते. इंजिन गार असताना ती झडप जळका धूर वळवून कारबोरेटरच्या बुडाशी नेते. थोडक्यात, बंबच. तापलं की ती आपोआप फिरून धुराला सायलेन्सरची वाट मोकळी करते. तशीच अडकून राहिली तर इंजिन भलतंच तापून जोर हरवतं.

आपोआप कशी? बाहेर एक गुंडाळी स्प्रिंग असते. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या, एकत्र कुटुंबातल्या जावांसारख्या जन्माच्या चिकटलेल्या. तापल्या की एक जास्त फुगते, दुसरी कमी, आणि सगळी गुंडाळी वळते. सोबतीला झडपेच्या दांड्यावर एक लोखंडी वजन.

आमच्या फार्गोत हे वजन तारेने करकचून बांधलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने "ये पत्ती फालतू खड़खड़ करती है" म्हणून तिचा कायमचा बंदोबस्त केला होता, झडप कायम सायलेन्सरकडे उघडी. त्याचे पैसेही वेगळे घेतले होते.

तार कापली तरी दांडा गंजून बसलेला. चार दिवस केरोसीन सोडलं, दोन्ही टोकांना हलक्या हाताने ठोकत राहिलो. पाचव्या दिवशी तो किंचित हलला, तेव्हा काकांनी मला मिठी मारली. दहावीच्या निकालाला मारली नव्हती.

या रविवारी ढकलावं लागलं नाही. आम्ही तिघं चहाचे कप घेऊन बॉनेटखाली वाकून त्या वजनाकडे बघत उभे. पाच-सात मिनिटांनी ते हळूच, कुणी बघत नसल्यासारखं, फिरलं.

"बघितलंस?" काकांचा आवाज दाटला.

काकू म्हणाल्या, "बघितलं. आता त्याच्यावर आंघोळीचं पाणी तापेल का, तेवढं सांगा. बंबाला लाकडं संपलीत."

काका नळीची रुंदी मोजायला टेप आणायला गेलेत.