काका म्हटलंत, तर आता ऐका

नमस्कार.

दुखरा गुडघा सांभाळून डेडलिफ्ट, म्हणजे वाकून वजनाचा बार उचलण्याचा व्यायाम, कसा करतो, त्या माझ्या लेखावर तुमची चार वाक्यांची प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी ती इथे देतो: 'अहो काका, पन्नाशीत हे मिरवणं शोभत नाही, मिरामारच्या किनाऱ्यावर चाललात तरी पुरे. 60 किलो लिहिलंय, फोटोत तेवढं दिसत नाही. प्रेशरची गोळी घेणारे श्वास रोखून वजन उचलतील त्याचं काय? तुम्ही फिजिओ आहात का?'

आधी काका. मी 53 चा आहे. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर मला काकाच म्हणतो आणि ते गोड वाटतं. तुमच्या 'अहो काका'त मात्र 'आता गप्प बसा' असं ऐकू येतं. फोटोवरून तुम्हीही चाळिशी ओलांडलेले दिसता, म्हणून म्हटलं.

वजनाचं तुमचं बरोबर. प्लेटी 40 किलोच्या, आणि बार मी सवयीनं 20 चा धरला. त्या दिवशी हातात आमच्या जिममधला लहान बार होता, 15 चा. म्हणजे 55. पाच किलो जास्त लिहिले, चूक कबूल.

पण मिरवणं? 1996 साली, भात कापून झालेल्या शेतात फुटबॉल खेळताना माझा उजवा गुडघा वळला आणि आतली गादी फाटली. पुढे कमरेची चकती सरकली. मग डायबेटिस, आणि त्याच्या मागोमाग डावा खांदा आखडला. दोन चवथींना मला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधता आली नाही. पुतण्या स्टुलावर चढून नारळ, तोरंजन, सुपारीचे घड बांधायचा आणि मी खाली उभा राहून सुतळीचे तुकडे पुढे करायचो. 2022 मध्ये हृदयात स्टेंट बसला. एवढं झालेला माणूस कोणासमोर काय मिरवणार?

आणि चालणं मी सोडलेलं नाही. स्टेंटनंतर आधी चाललोच, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर वजनांना हात लावला. पण चालण्यानं दमसास वाढतो, हात-पाठीची ताकद फारशी वाढत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतातच, बसून राहिलं की जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. 'त्याशिवाय' म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता, त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. त्यांनाही शोभत नाही म्हणून कळवायचं का?

मी सुरुवात खुर्चीवर बसून हात न टेकता उठण्यापासून केली. तीन महिने तेवढंच. डेडलिफ्टचा बार अजून जमिनीवरून उचलत नाही, ठोकळ्यांवर ठेवून गुडघ्याच्या जरा खालून उचलतो, कारण त्याहून खाली वाकलं की कंबर बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच वजन वाढवायचं, तेही अडीच किलोनं. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. तो हलवायला तुमच्या घरी कोणाला हाक मारतात, हे विचारणं आगाऊपणाचं होईल, म्हणून विचारत नाही.

गेल्या चवथीला माटोळीची वरची रांग मी बांधली. पुतण्या सुतळी देत होता.

श्वासाचं म्हणाल, तर उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, हे जिममध्ये पहिल्याच दिवशी सांगतात, म्हणून लिहिलं नव्हतं. एका लेखात किती मावणार? प्रेशरवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं हेही उघडच आहे. बरं, ती ओळ घातली आता. फिजिओ मी नाही, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत तुम्ही वाचलं असेल असं मी धरून चाललो होतो.

फोटोखाली 55 केलं आहे. फोटो काढून टाकणार नाही.