म्हणे, रडणाऱ्यापासून देव दूर जातो!

गेल्या एकादशीच्या भजनात माझ्या आत्याने तिची नेहमीची विराणी, म्हणजे देवाच्या विरहाचे पद, म्हटली नाही. ‘घनु वाजे घुणघुणा’ गेली कित्येक वर्षे तिच्याकडेच असते. या खेपेस तिने वही मिटली आणि आवाज बसल्याचे निमित्त सांगितले. खरे कारण तिच्या फोनमध्ये निघाले. एकच मजकूर तिला तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता: देव सर्वत्र असताना त्याच्या विरहाने रडणे हा अविश्वास आहे, अशा रडण्याने घरात नकारात्मक ऊर्जा साचते आणि रडणाऱ्यापासून देव दूर जातो. आधाराला गीतेतला एक श्लोक, आणि विरहाची ही रीत सूफींकडून आल्याचा शोध.

देव दूर जातो, हे कोणत्या ग्रंथात वाचले? भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण रासातून अचानक दिसेनासा होतो. गोपी झाडावेलींना त्याचा ठावठिकाणा विचारीत वनभर हिंडतात आणि अखेर यमुनेच्या वाळवंटात परतून गाऊ लागतात. 31व्या अध्यायातले ते 19 श्लोक म्हणजे गोपीगीत. 32व्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात त्या गाता गाता मोठ्याने रडतात, ‘रुरुदुः सुस्वरम्’ असे स्पष्ट शब्द आहेत, आणि दुसऱ्या श्लोकात तो हसतमुखाने त्यांच्यामध्ये उभा असतो. पुढे गोपी त्याला जाब विचारतात तेव्हा तो निर्धनाचा दाखला देतो: हाती आलेले धन हरपले की त्या माणसाला दुसरे काही सुचत नाही, तसे तुमचे मन माझ्या ठायी लागावे म्हणून मी दिसेनासा झालो. शिवाय नजरेआड असतानाही मी तुम्हालाच भजत होतो, असेही तो सांगतो. म्हणजे देव जवळ असणे आणि विरह होणे यांत भागवताला विसंगती वाटत नाही. ती या मजकूरकर्त्यालाच वाटते.

‘नकारात्मक ऊर्जा’ हा शब्द मात्र कोणत्याच संताच्या वाणीत सापडायचा नाही. तो हसून सोडून दिला असता. पण आत्याने मला दबक्या आवाजात विचारले, ‘यांचं आजारपण माझ्या त्या गाण्यानं तर ओढवलं नसेल ना रे?’ नवऱ्याच्या दुखण्याचा दोष स्वतःच्या अभंगावर घ्यायला लावणारा मजकूर निरुपद्रवी म्हणता येत नाही.

गीतेचा श्लोक खरा आहे, हे मान्य करावे लागते. बाराव्या अध्यायात ‘न शोचति न काङ्क्षति’, म्हणजे शोक न करणाऱ्या आणि कशाची आकांक्षा न धरणाऱ्या, भक्ताचे वर्णन आहेच, आणि चारचौघांत रडण्याचे प्रदर्शन मांडणारेही आपण पाहतो. पण त्याच बाराव्या अध्यायावर ज्यांनी शके 1212 मध्ये मराठीत टीका सांगितली, त्या ज्ञानेश्वरांच्याच नावावर आत्याची विराणी आहे. त्यांना तो श्लोक कळला नव्हता काय? नारदाच्या भक्तिसूत्रांत तर देवाच्या विस्मरणाने होणारी परम व्याकुळता हे भक्तीचे लक्षणच सांगितले आहे, आणि आसक्तीच्या 11 प्रकारांत शेवटचा परमविरहासक्तीचा आहे.

राहता राहिला सूफींचा मुद्दा. उत्तरेकडच्या पुढच्या काळातील काव्यात देवघेव झाली असेल, पण आळवारांचा, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतकवींचा, काळ साधारण 6वे ते 9वे शतक मानला जातो, आणि त्यांच्यातले नम्माळवार तेव्हाच विरहिणीच्या तोंडून विष्णूला आळवीत होते. एवढे पाहण्याचेही कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

भागवताचा तो 32वा अध्याय मी आत्याला मोठ्या अक्षरांत छापून दिला. तिने तो वहीत, विराणीच्या पानाशी ठेवला आहे. येत्या एकादशीला म्हणणार का, ते अजून सांगितलेले नाही.