‘दिवाणखान्यात बसून’ : स्पष्टवक्ता यांना उत्तर

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन शहरात जुनं पोलीस खातं बरखास्त करून नवं उभं केलं आणि त्यानंतर खून घटले, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. शोधत बसायला नको म्हणून इथेच जशीच्या तशी देते.

“ताई, लेख भावनेच्या भरात लिहिलेला दिसतो. २०१२ मध्ये कॅम्डेनमध्ये ५७ खून झाले असं तुम्ही लिहिलंय, तो आकडा २०१३ चा. २०१२ मध्ये ६७ झाले. दुसरं, तिथे पोलीस खातं ‘बरखास्त’ वगैरे काही झालं नाही. युनियनचा करार मोडायचा होता म्हणून पाटी बदलली आणि जास्त पोलीस स्वस्तात भरले. मिनिआपोलिसच्या लोकांनी २०२१ मध्ये मतपेटीतून हा प्रकार धुडकावला, त्याबद्दल अवाक्षर नाही. चेरी हिलच्या दिवाणखान्यात बसून पोलिसांना नावं ठेवणं सोपं असतं. रात्री दार वाजलं की तुम्हीही ९११ च लावणार. राग नसावा.”

शेवटी ‘राग नसावा’ लिहिलं की वर काहीही लिहायची मुभा मिळते, असा आपल्याकडे एक समज आहे. असो.

६७ चा आकडा बरोबर आहे. चूक माझी, लेखात दुरुस्त केली, आभार. दोन वर्षांच्या ओळी एकाखाली एक होत्या, माझी नजर घसरली. खरा आकडा माझ्याच म्हणण्याला जास्त बळ देतो हे तुमच्या लक्षात आलं नसेल, पण ते सोडून देते.

आता ‘ताई’. मला ताई म्हणणारे वाचक पुष्कळ आहेत आणि मला ते आवडतं. पण ‘ताई’ आणि ‘भावनेच्या भरात’ एकाच वाक्यात आले की त्या ताईचा अर्थ बदलतो. आमच्या ह्यांनी मंडळाच्या दिवाळी अंकात याच विषयावर चार पानं लिहिली होती. त्यात आकडा म्हणून एक नव्हता, उसासे मात्र भरपूर. त्यांना कुणी ‘दादा, भावनेच्या भरात’ असं कळवल्याचं ऐकिवात नाही.

आणि दिवाणखाना. या एका शब्दावर मी काल रात्री झोपले नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, कारण रात्री मी झोपतच नाही. मी कामावर असते. कॅम्डेनमध्ये. २००७ पासून, रात्री अकरा ते सकाळी सात, एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत. घर जवळच्या चेरी हिलला आहे हे खरं, पण तिथल्या वुडक्रेस्ट स्टेशनला पॅटकोत, म्हणजे आमच्या लोकलमध्ये, बसलं की काही मिनिटांत कॅम्डेनचं ब्रॉडवे स्टेशन येतं. पुढे फिलाडेल्फियाला जाणारे आपले बरेच मराठी लोक त्याच गाडीत असतात. ब्रॉडवे आलं की ते मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. मी उतरते. एवढाच फरक, पण तुम्ही दिवाणखाना काढलात म्हणून सांगितला.

रक्तपेढीत शहर कसं दिसतं ते सांगते. फोन वाजतो. पलीकडून वय आणि ‘गोळी’ एवढंच कळतं. जखमीला नाव नसतं, हॉस्पिटलच एक तात्पुरतं नाव देतं. रक्तगट तपासायला, क्रॉसमॅच करायला, म्हणजे पिशवीतलं रक्त त्याच्या रक्ताशी जुळतं का ते बघायला, वेळ नसतो, म्हणून ‘ओ’च्या पिशव्या कूलरमध्ये भरायच्या, कागदावर सही घ्यायची आणि पळणाऱ्या माणसाच्या हातात कूलर द्यायचा. मग पुढच्या फोनची वाट बघायची. आणखी रक्त हवं म्हणून दुसरा फोन लवकर आला तर माणूस अजून आहे. आलाच नाही तर आपण काय ते समजायचं. न वापरलेल्या पिशव्या परत येतात तेव्हा त्यांचं तापमान बघून, नोंद करून त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या असतात. ते काम करताना मी कुणाशी बोलत नाही.

२०११ च्या जानेवारीत शहराकडे पैसे नाहीत म्हणून जवळजवळ निम्मे पोलीस कमी केले. २०१२ मध्ये ६७ खून. तेव्हा शहराची वस्ती सुमारे सत्याहत्तर हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्या वर्षी सिटी हॉलसमोरच्या हिरवळीवर मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक पांढरा क्रूस रोवत होते. लाकडाचे, गुडघ्याएवढे. सकाळी ड्यूटी सुटली की कधी कधी मी एक स्टेशन चालत जायची आणि सिटी हॉलला गाडी पकडायची. कितवा क्रूस आपल्या फोनवरचा, असा विचार एकदा मनात आला, त्यानंतर ब्रॉडवेलाच गाडीत बसायला लागले. हे तुम्हाला चालत असेल तर भावनेचा भर म्हणा.

मग १ मे २०१३ पासून जुनं शहर पोलीस खातं बंद आणि कौंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नवं सुरू. त्यानंतर मी जे बघितलं तेच लेखात लिहिलं होतं. पोलीस गाडीतून खाली उतरले. आमच्या समोरच्या चौकात दोघं दोघं पायी फिरायला लागले, टपरीवाल्याला नावाने हाक मारायला लागले. रात्री दोनला कॉफी प्यायला बाहेर आलं की ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. गोळी लागलेल्या माणसाला अँब्युलन्सची वाट न बघता आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणायची तिथल्या पोलिसांची पद्धत पडली. आमच्या इमर्जन्सीच्या दारात पोलिसांची गाडी येऊन करकचून थांबते, हे दृश्य मी दिवाणखान्याच्या खिडकीतून बघत नाही.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये याच ब्रॉडवेवर एक माणूस चाकू हवेत फिरवत चालला होता. तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला नाही, सगळ्यांसारखा व्हिडिओच पाहिला. पोलीस त्याच्याभोवती कडं करून, अंतर ठेवून, त्याच्याबरोबर चालत राहिले. वाहनं बाजूला काढत, त्याला चाकू टाक म्हणत. शेवटी चाकू खाली पडला आणि तो पकडला गेला. कुणी मेलं नाही. त्या रात्री आमचा फोन वाजला नाही. आमच्या कामात न वाजलेल्या फोनची नोंद ठेवत नाहीत, ठेवायला हवी.

खून २०१३ मध्ये ५७, २०१४ मध्ये ३३, २०१९ मध्ये २५. हे सगळं नव्या खात्यामुळेच झालं असं मी म्हटलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत सायकलला घंटी नाही, काच काळी आहे असल्या कारणांवरून गरिबांवर चलनांचा पाऊस पडला आणि मानवाधिकारवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं, हे माझ्याच लेखात चौथ्या परिच्छेदात आहे. बळ कधी वापरायचं याचे कडक नियम २०१९ मध्ये आले, म्हणजे सहा वर्षांनी, तेही आहे. तिथवर वाचलं असतंत तर ‘भावनेच्या भरात’ लिहिताना हात थोडा अडखळला असता.

आता ‘पोलिसांना नावं ठेवणं’. महाशय, मी हवालदाराची मुलगी आहे. नायगावच्या पोलीस चाळीत वाढले. रविवारी सकाळी बाबा पट्ट्याच्या बकलला ब्रासो लावून द्यायचे आणि ते घासायचं काम माझ्याकडे असायचं, बोटं काळी होईपर्यंत. गणपतीच्या बंदोबस्ताला गेलेला माणूस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचा. आई गरम पाण्यात मीठ टाकून पातेलं पुढे करायची, ते त्यात पाय सोडून बसल्या बसल्या झोपायचे. गणवेशाचा आदर मला तुमच्याकडून शिकायचा नाही.

तेच बाबा २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले होते. आदल्याच वर्षी अलाबामातल्या मॅडिसन गावात मुलाकडे आलेल्या एका गुजराती आजोबांना, फक्त रस्त्याने चालत होते म्हणून, पोलिसाने जमिनीवर आपटून लुळं केलं होतं. म्हणून मी बाबांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायची. एका रविवारी दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे गेलो होतो, गावाचं नाव लिहीत नाही. बाबा माकडटोपी घालून फेरी मारायला बाहेर पडले. कुणीतरी फोन केला असणार. पोलिसांची गाडी येऊन थांबली, विशीतला एक पोरगा उतरला. बाबांनी काय करावं? पाय जुळवले आणि कडक सॅल्यूट ठोकला. तो पोरगा गोंधळला, चिठ्ठी वाचली आणि बाबांना दारापर्यंत सोडून गेला. चांगलाच वागला. रात्री जेवताना बाबा म्हणाले, “त्याचा हात पाहिलास? सारखा पिस्तुलावर. पोरगा घाबरला होता गं. मला.” सत्तरीला आलेला, माकडटोपीतला माणूस. ‘पोलीस कसे शिकवून तयार होतात’ असं लेखात दोनदा लिहिलं, ते या हातामुळे लिहिलं.

९११? हो, लावणार. लावलेला आहे. लावल्यावर दारात कोण येतं एवढाच माझा प्रश्न होता. न्यू जर्सीत २०२१ च्या डिसेंबरपासून काही ठिकाणी मानसिक त्रासाच्या कॉलला पोलिसाबरोबर मानसिक आरोग्याचं काम करणारा माणूसही पाठवायला सुरुवात झाली. शेजारचा मुलगा औषध बंद करून भिंतीवर डोकं आपटत असेल, तर मला ते दोघं दारात हवेत. यात पोलिसांची बदनामी नेमकी कुठे होते?

मिनिआपोलिसबद्दल अवाक्षर नाही कारण लेख कॅम्डेनवर होता. वडापाववर लिहिलं की मिसळ का नाही म्हणून विचारणारे असतातच. माहीत आहे मला. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर ७ जून २०२० ला तिथले १३ पैकी ९ नगरसेवक बागेतल्या व्यासपीठावर उभे राहून खातं मोडू म्हणाले आणि २ नोव्हेंबर २०२१ ला सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. पोलिसांच्या जागी पुढे काय येणार हे कुणी धड सांगितलं नव्हतं, लोक बिचकले. सुमारे ४४ टक्के ‘हो’ म्हणाले हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. अवाक्षर नाही.

‘बरखास्त’ हा शब्द खटकला म्हणता. जुनं खातं बंद केलं, त्यातल्या सगळ्यांना काढलं, ज्याला यायचं त्याने नव्या खात्यात नव्याने अर्ज करायचा. याला मराठीत दुसरा शब्द असेल तर कळवा. पोलीस वाढले का? वाढले, ४०० च्या आसपास गेले. वाढले नाहीत असं मी म्हटलेलं नाही. वाढले असं लेखात लिहिलं नसेल, एवढंच.

राहिली युनियन. युनियन काय असते ते मला सांगू नका. १९८२ च्या १५ ऑगस्टला बाबांच्या दंडावर काळी फीत होती, ती आईने जुन्या छत्रीच्या कापडाची शिवली होती. १८ तारखेला पहाटे पोलीस संघटनेच्या पुढाऱ्यांना धरलं, चाळीतल्या बायका जिन्यात उतरल्या, गिरणी संप चालूच होता, दुपारपर्यंत मुंबईत लष्कर. संघटना मोडून काढली. मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर बाबांनी ‘संघटना’ हा शब्द घरात उच्चारला नाही, आम्हीही नाही. कॅम्डेनमध्ये १ मे होता, म्हणजे कामगार दिन, हेही माझ्या लक्षात आलेलं आहे. लेखात ते आणलं नाही, कारण लेख लांबला असता.

तुमची प्रतिक्रिया काढून टाक असं दोन मैत्रिणींनी सांगितलं. काढणार नाही. पुढच्या वेळी नाव लावून लिहिलंत तर बरं.

काल बाबांना फोनवर ती वाचून दाखवली. आता कान कमी झालेत, तरी पूर्ण ऐकली. दिवाणखान्याच्या वाक्याला हसले. मग विचारलं, “ते जुन्या खात्यातले, त्यांच्यातल्या कितींना परत घेतलं?” ड्यूटीची वेळ झाली होती. रविवारी बोलू म्हटलं.