बॉब ममगार्डनं संशोधन सोडलेलं नाही

पीएचडी झालेला माणूस कंपनीत गेला की आपल्याकडे लगेच हळहळ सुरू होते, 'हुशार होता, पण संशोधन सोडलं त्यानं.' मी फिजिक्स शिकवते, त्यामुळे स्टाफरूममध्ये हे वरचेवर कानावर येतं. दर वेळी मला बॉब ममगार्ड आठवतो.

अमेरिकेतल्या एमआयटीत अल्केटर सी-मॉड या टोकामाकवर त्याची पीएचडी झाली. टोकामाक म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कड्याच्या आकारात कोंडून फ्यूजन, म्हणजे अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवणं, साधू पाहणारं यंत्र. अमेरिकी सरकारनं निधी थांबवला आणि ३० सप्टेंबर २०१६ ला ते यंत्र कायमचं बंद झालं. त्याच शेवटच्या दिवशी त्या यंत्रानं प्लाझ्माच्या दाबाचा जागतिक विक्रम केला होता, हवेच्या दाबाच्या दुपटीहून थोडा जास्त! असं यंत्र बंद झाल्यावर त्यावर घडलेल्या माणसांनी काय करायचं? २०१८ मध्ये ममगार्ड, ब्रँडन सॉरबम, डेनिस व्हाइट आणि आणखी काही सहकाऱ्यांनी मिळून कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी काढली. ममगार्ड तिचा सीईओ झाला.

त्यांची सगळी भिस्त चुंबकावर. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं तर तेवढ्याच जागेतून सोळापट फ्यूजन ऊर्जा मिळू शकते. म्हणजे चुंबक जोरदार असेल तर यंत्र लहान चालतं. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामाकच्या प्लाझ्मा-कड्याची मोठी त्रिज्या (कड्याच्या केंद्रापासून त्याच्या नळीच्या मध्यापर्यंतचं अंतर) ६.२ मीटर, तर यांच्या स्पार्क या टोकामाकची फक्त १.८५. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनी आणि एमआयटीनं मिळून बनवलेल्या अतिवाहक (वीज रोधाशिवाय वाहून नेणाऱ्या) चुंबकानं २० टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) टप्पा गाठला. त्याची बातमी सगळीकडे झळकली.

मला मात्र त्यानंतरचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी तोच चुंबक मुद्दाम वाईटात वाईट परिस्थितीत ढकलला, वीज अचानक तोडली. त्याचा थोडासा भाग वितळला. आणि २०२४ मध्ये या चाचण्यांवरचे जे सहा शोधनिबंध प्रसिद्ध झाले, त्यांत हे नुकसानही नोंदवलेलं आहे. गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर लागलेले असताना आपला वितळलेला चुंबक जगापुढे मांडायचा, याला मी संशोधनच म्हणते.

एक धास्ती मात्र आहेच. सी-मॉडचं ज्ञान करदात्यांच्या पैशातून उभं राहिलं. उद्या कंपनी अडचणीत आली तर हा मोकळेपणा टिकेल का? स्पार्क अजून मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हन्सला उभा राहतोय. प्लाझ्माला दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा त्यातून मिळाली तर मी वर्गात पेढे वाटेन. नाही मिळाली, तर का नाही मिळाली तेही त्यांनी इतक्याच तपशिलानं छापावं. मी ते दोन्ही वर्गात शिकवणार आहे.