गणपतीक येतलस मा?

युद्धभूमीवर नोकरी पत्करलीत, हे उत्तम केलंत. पगार डॉलरात, जेवण फुकट, आणि पैसे उधळायला बाहेर पडायची सोय नाही. प्रश्न उरतो तो रजेत घरी जायचं कसं, एवढाच. पुढचे सल्ले २००६ साली बगदादच्या एका अमेरिकी तळावर, भटारखान्यात बटाटे सोलता सोलता तयार झालेले आहेत. लढाई दुसरी असली तरी खुशाल वापरा.

तारीख ठरवायच्या भानगडीत पडू नका, ती पंचांगाने ठरवलेली असते. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आई मे महिन्यापासूनच फोनवर विचारायला लागते, "गणपतीक येतलस मा?" मागे धडाड्‌धूम झालं तर सांगा, बांधकाम चाललंय. तिच्या लेखी तुम्ही दुबईत आहात, आणि दुबईत बांधकाम कधी थांबतच नाही.

सरकारच्या लेखीही तुम्ही बगदादमध्ये नाहीच. २००४ मध्ये इराकात तीन भारतीय ट्रकचालकांचं अपहरण झालं आणि कामासाठी तिकडे जायलाच बंदी आली. जो माणूस तिथे नाही, त्याला तिथून रजा कशी मिळायची, हा वेदान्ताचा प्रश्न आहे. त्यात शिरू नका, अर्ज करा.

अर्जात कारण लिहावं लागतं. "घरी गणपती" असं लिहिलंत की साहेब विचारणार, हे गणपती तुमचे कोण? खोटं बोलायची गरज नाही. सांगा, घरातले सगळ्यांत वडीलधारे आहेत, वर्षातून एकदाच येतात, आणि फक्त दीड दिवस राहतात. साहेबाचे डोळे पाणावतील. सही मात्र तो तुमचा बदली माणूस आल्यावरच करील. आणि बदली माणूस अजून पोचलेला नसतो, कारण त्याला आणणारं विमान आणि तुम्हाला नेणारं विमान एकच असतं.

तोवर पासपोर्टची चौकशी करा. तो कंपनीच्या तिजोरीत असतो, तुमच्या सुरक्षिततेसाठी. तोफगोळे पडायला लागले की माणसांनी काँक्रीटच्या आडोशाला धावायचं. पासपोर्टला तो त्रास नको म्हणून आधीच आत ठेवलेला. त्या एप्रिलमध्ये अमेरिकी सेनापतींनी कंत्राटदारांना हुकूम काढला, कामगारांचे पासपोर्ट परत करा. हातात आल्याबरोबर पहिल्यांदा मुदत बघा. तिजोरीतही ती संपतच असते.

आता मार्ग. एक अम्मानवरून, नागरी विमानाने. त्यासाठी शहरातून विमानतळापर्यंत बारा-एक किलोमीटर जावं लागतं, आणि जगातला सगळ्यांत धोकादायक रस्ता म्हणून त्याची तेव्हा ख्याती होती. (आम्ही वडखळ नाक्यावर वाढलेली माणसं, असल्या ख्यातीला भीत नाही.) वाटेत अब्बास इब्न फिरनासचा पंखवाला पुतळा लागतो. नवव्या शतकात अंगाला पंख बांधून उडालेला हा गृहस्थ. उडाला बरा, पण उतरताना पाठ मोडून घेतली. शेपूट लावायचं राहिलं म्हणतात. उड्डाणाची नीट तयारी केली नाही तर काय होतं, ते प्रवाशाला वेळीच कळावं म्हणून पुतळा रस्त्यातच उभा केला असावा. पुढे बॅगा जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि बाजूला व्हायचं. कुत्रा येऊन हुंगतो. बॅगेत भटारखान्यातलं चिकन लपवलं असेल, तर तुमची रजा कुत्र्याच्या हातात.

विमान सुटलं की सरळ जात नाही. २००३ च्या नोव्हेंबरात इथून उडालेल्या एका मालवाहू विमानाच्या डाव्या पंखात क्षेपणास्त्र घुसलं होतं. वैमानिकांनी ते नुसत्या इंजिनांच्या जोरावर परत उतरवलं. त्या धास्तीपायी विमानं विमानतळाच्या डोक्यावरच गरगर फिरत चढतात आणि तशीच उतरतात. खिडकीशी बसा. एकच हौद पाच वेळा दिसतो, पैसे वसूल.

दुसरा मार्ग लष्कराच्या हर्क्युलीस विमानाने कुवेतला. हे फुकट, म्हणून गर्दी. चिलखत आणि शिरस्त्राण घालून पहाटे हजेरी द्यायची, तंबूत बसायचं, नाव पुकारतात का ऐकायचं. आधी सैनिक, मग इतर गोरे साहेब, मग जागा उरली तर तुम्ही. जागा उरते त्या दिवशी वाळूचं वादळ येतं, आकाश हळदीसारखं पिवळं होतं, आणि उद्या या म्हणतात. तीन दिवस असे काढलेत की चिलखतावर डोकं ठेवून झोप छान लागते. वेळ जायला कोकणकन्येचा प्रतीक्षा क्रमांक आठवत बसा. तोही हलत नाही.

दुबईच्या विमानतळावर मुद्देमाल गोळा करायला विसरू नका: अत्तर, टँग, बदाम. ही दुबईची पावती आहे. आणि चिलखताच्या पट्ट्याखाली गोरा राहिलेला खांदा घामोळं म्हणून खपवा.

कुडाळला उतराल तेव्हा बहुधा दीड दिवस संपलेले असतात. मखर रिकामं, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीची फळं उतरवलेली, करंज्या मऊ. शेजारचे काका पायरीवरूनच विचारतील, "कधी इलस? परत कधी जातलस?" या प्रश्नाचं उत्तर मात्र पक्कं देता येतं, कारण परतीच्या वाटेवर सगळं वेळेवर असतं. वादळ नाही, बदली माणसाचा घोळ नाही, गाडीसुद्धा पंधरा मिनिटं आधी.

अडवणार एकच माणूस, मुंबईच्या विमानतळावर शिक्का मारणारा. इतके महिने बगदादमधून सुटायला धडपडलात, आता बगदादला जाऊ द्या म्हणून त्याच्यापुढे उभे राहायचं आहे. तो पासपोर्ट चाळील, मान वर करील. कुठे निघालात? दुबई. काय करता? बांधकाम.

पाठीमागे कुणी तरी बॅग आपटली तर दचकू नका.