फोर्ट मिम्सवर एकच ओळ का?

नमस्कार. तुमची कमेंट दोनतीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या क्रीक युद्धावरच्या (१८१३-१४) लेखात मी मस्कोगींना (क्रीक म्हणजे हेच तिथले मूळनिवासी) बिचारं केलं आणि अमेरिकी सेनानी अँड्र्यू जॅक्सनला व्हिलन, फोर्ट मिम्स या कुंपणबंद ठाण्यात रेड स्टिक्सनी (मस्कोगींमधला गोऱ्यांच्या विरोधातला गट) बायकापोरं मारली त्यावर जेमतेम एक ओळ, आणि जॅक्सनने जे केलं तो निव्वळ बदला होता.

एका ओळीबद्दल मान्य, चुकलंच. ३० ऑगस्ट १८१३, भरदुपार, फाटक सताड उघडं. रेड स्टिक्स जवळ आलेत असं सांगणाऱ्या गुलामावर विश्वास ठेवायचा सोडून त्यालाच फटके मारले होते. अडीचशेच्या आसपास माणसं गेली त्यात, बायकामुलंसुद्धा. पण आत होतं कोण, हे बघा ना. गोरे सेटलर होते, त्यांचे गुलाम होते आणि मस्कोगी आयांची मुलंही होती. हल्ल्याच्या म्होरक्यांपैकी विल्यम वेदरफर्डचा बाप गोरा व्यापारी, आई मस्कोगी (त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, त्यामुळे तो अर्धामुर्धा नाही, पूर्ण मस्कोगीच) आणि त्याच्या नात्यागोत्यातले लोक त्या कुंपणाच्या आत. म्हणून मी याला भाऊबंदकी म्हटलं होतं, कुणाला सूट द्यायला नाही.

आणि बदला म्हणताय तर मोजायचं कुठल्या तारखेपासून? त्याच वर्षी लिटल वॉरियर या मस्कोगीच्या टोळीने ओहायो नदीजवळ सेटलर मारले, सरकारी एजंट हॉकिन्सने गुन्हेगार मागितले, तर मस्कोगींच्या राष्ट्रीय पंचायतीने आपलीच माणसं मारून टाकली. इथे मस्कोगींमध्येच भडका उडाला. आधीच तो हॉकिन्स नांगर धरा, चरखा चालवा म्हणून मागे लागलेला, मुलखातून सरकारी रस्ता गेलेला, गोऱ्यांविरुद्ध एकजुटीची हाक देणारा शॉनी नेता टेकुमसेही येऊन बोलून गेलेला. मग २७ जुलैला बर्न्ट कॉर्न क्रीकपाशी, स्पॅनिश ताब्यातल्या पेन्साकोलाहून बारूद घेऊन परतणाऱ्या रेड स्टिक्सवर पहिला हल्ला केला तो गोऱ्या मिलिशियाने (स्थानिक स्वयंसेवक फौजेने). फोर्ट मिम्स त्याच्यानंतर महिनाभराने.

बरं, बदलाच धरू. नोव्हेंबरमध्ये मस्कोगींच्या हिलाबी गावांनी जॅक्सनकडे शरणागतीचा निरोप पाठवला होता आणि पूर्व टेनेसीच्या दुसऱ्या फौजेने, तो निरोप माहीत नसल्याने, त्यांनाच कापलं. पुढे २७ मार्च १८१४ला हॉर्सशू बेंडवर हजारेक रेड स्टिक्सपैकी आठशेच्या वर मेले. टॅलापूसा नदी पोहून त्यांच्या होड्या पळवल्या त्या चेरोकींनी, आणि जॅक्सनच्या बाजूने रेड स्टिक्सच्या विरोधातले, खालच्या गावांचे मस्कोगीही लढत होते, हे तुमच्या कमेंटमध्ये कुठेच नाही.

आता माझा खरा मुद्दा, जो लेखात बहुतेक नीट आला नाही. युद्ध संपवणारा, ९ ऑगस्ट १८१४चा फोर्ट जॅक्सनचा तह. त्यात मस्कोगींची साधारण २ कोटी ३० लाख एकर जमीन अमेरिकेने घेतली, आजच्या अलाबामाचा अर्ध्याहून जास्त भाग आणि वर दक्षिण जॉर्जिया. सह्या करणारे मस्कोगी जवळजवळ सगळे जॅक्सनचे दोस्त! मस्कोगी प्रमुख बिग वॉरियर सुरुवातीपासून रेड स्टिक्सच्या विरोधात, त्याने तिथेच हरकत घेतली, उपयोग शून्य. जे जॅक्सनसाठी लढले त्यांचीच जमीन घेतली तर तो बदला कसा काय हो?

फोर्ट मिम्सचा पॅरा आज रात्री वाढवतो, गुलामाचा प्रसंगही घालतो. ‘बदला’ हा शब्द मात्र लेखात येणार नाही.